तीन दिवसांचं साधना शिबिर: पंखा बंद, भाकरी उत्तम, आणि एक जुनं हक्कसोडपत्र

आधीच सांगून टाकतो, जागेचं नाव लिहिणार नाहीये. तक्रारी करणार आहे आणि तिथल्या सिस्टर लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही, उलट निघताना डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या. वसईहून गाडीने दोन-अडीच तास, डोंगराच्या पायथ्याशी, एवढं पुरे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधी, अशी शिबिरं सगळीकडेच असतात, आपल्या चर्चच्या ऑफिसात विचारलं की यादी मिळते. मी हे लिहितोय ते एवढ्यासाठी की जायच्या आधी मी नेटवर बराच शोध घेतला आणि सगळीकडे एकच, "खूप छान अनुभव, प्रभूची स्तुती असो". अरे पण संडास कसे आहेत ते सांगा ना कोणीतरी.

संडास स्वच्छ आहेत. भारतीय पद्धतीचे जास्त, कमोड दोनच, गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावरची खोली मागून घ्या.

मी कोण ते थोडक्यात. वय ५३, बँकेत नोकरी, वसईतला कॅथलिक, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) सहसा चुकत नाही, वर्षातून दोनदा कन्फेशन, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली, एकदा नाताळाला आणि एकदा पास्काला, म्हणजे ईस्टरला. म्हणजे कागदोपत्री खातं चालू. १२१५ साली लॅटरनच्या धर्मसभेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करायचा नियम केला, त्या हिशेबाने मी डबल करतो. शिबिराला मी स्वतःहून गेलो नाही. बायको म्हणाली, एक तर पास्कापर्यंत बाटलीला हात लावायचा नाही, नाहीतर तीन दिवस जाऊन ये. मी हिशोबी माणूस, ४० दिवसांपेक्षा तीन बरे असं म्हणून फॉर्म भरला. (खरं तर राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, पास्कापर्यंत ४६ दिवस होतात, मधले सहा रविवार धरत नाहीत म्हणून ४०. मी रविवारची सवलत मागितली होती, मिळाली नाही.)

फी माणशी १,५०० रुपये, राहणं-खाणं धरून. एवढ्या पैशात लॉजवर एक रात्र पण होत नाही, त्यामुळे पैसे वसूल की नाही हा प्रश्नच नाही. शुक्रवारी दुपारी पोचायचं, रविवारी जेवून निघायचं. गेल्या गेल्या ऑफिसात मोबाईल जमा. पाकिटात घालून वर नाव लिहून घेतात आणि पाकीट तुमच्यासमोर चिकटवतात. मला वाटलं होतं काहीतरी सांगून ठेवून घेऊ जवळ, ऑफिसचं अर्जंट असतं वगैरे, पण तिथली सिस्टर म्हणाली, "बँक तीन दिवस तुमच्याशिवाय चालेल, काळजी करू नका," आणि ते ती इतक्या गोड आवाजात बोलली की अपमान झालाय हे खोलीत जाईपर्यंत कळलं नाही.

खोलीत तीन खाटा, एक पंखा, तो माझ्या खाटेवर नाही. पहिल्या रात्री दहा वाजता लाइट गेली ती पहाटे आली. मार्च महिना, डोंगराखाली वारा नाही, मच्छर मात्र भरपूर. शेजारच्या खाटेवर एक रिटायर्ड गृहस्थ होते, त्यांनी अंधारात रोजरीची माळ सुरू केली, शिबिरात सगळ्यांनी मौन पाळायचं असल्यामुळे मनात, पण मण्यांचा आवाज येत होता टिक टिक. इन्व्हर्टर फक्त चॅपेल आणि किचनला आहे म्हणे. ह्याबद्दल मी एक स्टार कापणार आहे.

आता मुख्य गोष्ट, प्रवचनं. सगळं शिबिर एका येशूसंघी (जेझुइट) फादरांनी घेतलं, सत्तरीचे असतील, आवाज बारीक, हातात कागद नाही. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं आता नरक, अग्नी, दारू, परस्त्री अशी यादी निघणार. त्यांनी फळ्यावर फक्त एक शब्द लिहिला, पश्चात्ताप. मग मधे रेघ मारून दोन तुकडे केले, पश्चात् आणि ताप. म्हणाले मराठीत हा शब्द म्हणजे मागाहून होणारा ताप. आणि ताप तर येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्यालाही झाला होता.

हे मी कधी ऐकलंच नव्हतं असं नाही, दर गुड फ्रायडेच्या आठवड्यात ती गोष्ट येतेच, पण लक्ष गेलं नव्हतं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २७व्या अध्यायात यहूदाला वाईट वाटतं, तो ती चांदीची ३० नाणी परत घेऊन जातो, मी निर्दोष माणसाला धरून दिलं असं स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, याजक घेत नाहीत म्हणून पैसे मंदिरात फेकून देतो. म्हणजे बघा, दुःख झालं, कबुली झाली, पैसेही परत केले. कन्फेशनच्या पुस्तिकेत जे जे करायला सांगतात ते जवळजवळ सगळं झालं. आणि मग तो एकटा जाऊन फास लावून घेतो. दुसरा शिष्य पेत्र, त्याने त्याच रात्री येशूची ओळख तीनदा नाकारली, तो पण बाहेर जाऊन रडला, पण तो कायमचा निघून गेला नाही, बाकीच्या शिष्यांबरोबरच राहिला. फादर म्हणाले मूळ ग्रीकमध्ये यहूदासाठी मत्तयने जो शब्द वापरलाय तो नुसती चुटपुट लागण्याचा आहे, आणि येशू गालीलात पहिल्यांदा हाक देतो, पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा, तिथला शब्द वेगळा, मेतानोइया, म्हणजे मनच बदलणं. आणि जुन्या करारातले संदेष्टे जो हिब्रू शब्द वापरतात तो तर अगदी साधा, शूब, मागे वळणं, रस्ता चुकलेला माणूस वळतो तसं. मराठीत आपण सगळ्यालाच पश्चात्ताप म्हणून टाकतो, त्यामुळे ताप आला की काम झालं असं वाटतं. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, उतरला, परत ऑफिस.

मी तेव्हा मनात म्हटलं हे बरंय, मला रडायला येत नाही, म्हणजे चालेल. (हे माझं पहिल्या दिवसाचं आध्यात्मिक फलित.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्मपरीक्षण. दहा आज्ञांप्रमाणे प्रश्नांचा एक झेरॉक्स कागद देतात, पाठपोट, झेरॉक्स इतका फिका की चौथी आज्ञा वाचताच येत नाही, तेवढं जरा सुधारा. पेन्सिल घेऊन झाडाखाली बसायचं. मी पटापट खुणा केल्या, शिव्या हो, राग हो, मिस्सा चुकवली दोनदा, पिणं हो. शुक्रवारच्या मांसवर्जनावर एक प्रश्न होता तिथे जरा हसलो, कारण आमच्याकडे शुक्रवारी मटण नाही म्हणजे सरंगा मासा आणायचा, तोही मोठा, आणि उपवास पाळला म्हणून खूश व्हायचं. सातव्या आज्ञेखाली, चोरी करू नकोस, चार प्रश्न होते. कोणाच्या मालकीची वस्तू, पैसा, जमीन अन्यायाने ताब्यात ठेवली आहे का? मी नाही अशी खूण केली. बँकेत ३० वर्षं काढली, एक रुपयाची तफावत नाही, माझ्यासारख्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे काय.

मग किचनची पाळी. हा शिबिराचा सगळ्यात भारी भाग आहे, कोणी पत्रकात लिहीत नाहीत. प्रत्येकाला रोज एक तास काम देतात, मला भांडी विसळायची होती. गावातल्या दोन मावश्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करतात, बाकी जेवण साधं, वरण, भात, एक भाजी, ताक, पण भाकरी एक नंबर, पातळ, मऊ, पापुद्रा सुटणारी. मावश्यांना मौन नव्हतं आणि मला होतं, त्यामुळे त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होतो, लग्नानंतर सवय आहेच. एक नवी मुलगी शिकत होती. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि ही बाई दुसरीकडे बघत बसली. मावशी ओरडली, "अगं उलथ, पाणी सुकायच्या आत उलथ, मग भेगा पडतात!" मुलीने उलथली तेव्हा खालून काळी झाली होती आणि वरून भेगाळलेली, कच्ची. मावशीने ती बाजूला ठेवली, कुत्र्याला.

आता हा योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा, त्याच दुपारच्या प्रवचनात फादरांनी जुन्या करारातल्या होशेयचा सातवा अध्याय काढला. संदेष्टा होशेय एफ्राइमला, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएलला, म्हणतो की तू न उलथलेली भाकर आहेस. मी पुढच्या रांगेत बसलेलो, दचकलोच. ते लोक देवाला सोडून गेले होते असं नाही, सण चालू होते, यज्ञ चालू होते, पण एक बाजू देवाकडे आणि दुसरी बाजू बआल नावाच्या दुसऱ्या दैवताकडे, अश्शूरकडे, मिसरकडे, जिथून फायदा होईल तिकडे. एका बाजूने करपेपर्यंत धार्मिक आणि दुसऱ्या बाजूने कच्चे. फादर म्हणाले पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने देवावर प्रीती कर, हे बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात लिहिलंय, येशूने त्यात बुद्धीने पण असं सांगितलं, तिथे 'पूर्ण' हा शब्द भरतीचा नाही. देवाला तुमचे ९० टक्के नकोयत. उरलेले दहा टक्के तुम्ही कुठे ठेवलेत तिथेच तुमचा खरा देव आहे.

आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर मिक्सर.

सांगतो. वडील २००९ साली गेले, आई त्याआधीच गेली होती. मृत्युपत्र नाही. आम्ही दोघं, मी आणि धाकटी बहीण. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे, त्यात मुलगा आणि मुलगी समान, अर्धं-अर्धं, हे मला बँकेत असल्यामुळे चांगलं माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. गावात पद्धतच अशी की बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी घेतो, जेवण घालतो, माहेर शाबूत राहतं. २०११ला तिला रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेलो, साडी घेतली आणि वर मिक्सर दिला कारण तिचा बिघडला होता. तिने सही केली आणि मला म्हणाली, "दादा, एवढं कशाला?" २०१४ला वाडीचा रस्त्याकडचा तुकडा २२ लाखांना विकला. तिला पेढे दिले.

त्यानंतर ह्या सगळ्या वर्षांत मी मघाशी म्हटलं तसं वर्षातून दोनदा कन्फेशन केलं. म्हणजे वीसेक वेळा कन्फेशनच्या त्या जाळीसमोर गुडघे टेकले आणि शिव्या, राग, दारू, मिस्सा सांगून बाहेर आलो. हे एकदाही सांगितलं नाही. लपवलं असंही नाही हो, खरंच डोक्यात आलं नाही, कारण कागद रजिस्टर होता, स्टॅम्प भरलेला होता, सही तिची होती. कायद्याने चोख. मी स्वतः ग्राहकांना सांगतो, साहेब कागद क्लिअर पाहिजे. इतका क्लिअर कागद की पाप दिसेनासं झालं.

कन्फेशनची व्यवस्था चांगली आहे. दुपारी तीनपासून सहापर्यंत, बाहेरून आणखी तीन फादर बोलावलेले, मराठी, कोकणी, इंग्रजी तिन्ही सोय. रांग लांब पण कोणी घाई करत नाही. जाळी हवी असेल तर जाळी, समोरासमोर हवं तर समोरासमोर. नवीन लोकांसाठी सांगतो, तुम्ही जे बोलता ते फादरांना जन्मभर कोणालाही सांगता येत नाही, फोडलं तर ते आपोआप चर्चच्या बाहेर होतात. बंधन त्यांच्यावर, माझं मी सांगू शकतो, म्हणून सांगतोय. मी त्याच म्हाताऱ्या फादरांच्या रांगेत लागलो. नेहमीची यादी म्हटली आणि मग मिक्सरची गोष्ट, ती पण अशी फिरवून की फादर तशी आमच्याकडे पद्धतच आहे, आणि तिचा नवरा चांगला कमावतो, आणि वडिलांचा दवाखान्याचा खर्च मीच केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता रागावतील नाहीतर वकिलाकडे जा म्हणतील. त्यांनी एकच विचारलं, "ती सही करत होती तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हा. मला ते लख्ख आठवलं, रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेरची उसाच्या रसाची गाडी.

प्रायश्चित्त म्हणून साधारण तीन हेल मेरी प्रार्थना मिळतात, मी त्या तयारीने होतो. फादर म्हणाले बहिणीला फोन करा, आणि पहिलं वाक्य पैशाचं नको. मग पापमुक्तीचे शब्द म्हटले, डोक्यावर हात ठेवला. मी बाहेर आलो, रडू वगैरे आलं नाही, पाय मात्र जड झाले होते आणि भूक लागली होती. लोक सांगतात कन्फेशननंतर हलकं वाटतं. मला आधी हलकं वाटायचं, ह्या वेळी जड वाटलं.

आता मोठी तक्रार. शनिवारी रात्री स्तुती-आराधनेचा कार्यक्रम बाहेरच्या एका ग्रुपला दिला होता. दिवसभर मौन पाळून कान इतके हळवे झालेले आणि ह्यांनी स्पीकर लावले लग्नासारखे. तेवढं चालवून घेतलं असतं, पण त्यांच्यातला एक प्रचारक माईकवर म्हणाला की तुमच्या घरात कॅन्सर आहे, मूल होत नाही, धंदा बुडतोय, म्हणजे कुठेतरी न सांगितलेलं पाप आहे, शोधा. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई होती, डोक्याला रुमाल, केमोने केस गेलेले, तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही. हे अक्षम्य आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य येशूला नेमकं हेच विचारतात, हा जन्मांध कोणाच्या पापामुळे, ह्याच्या की ह्याच्या आईबापाच्या, आणि येशू सरळ म्हणतो, ह्याच्याही नाही आणि आईबापाच्याही नाही. ज्याच्या हातात माईक देता त्याला निदान तेवढा अध्याय वाचायला लावा. मी फीडबॅक फॉर्मवर पानभर लिहिलं. फादरांनी रविवारी सकाळी स्वतःहून तो अध्याय वाचला, नाव कोणाचं घेतलं नाही, पण त्या बाईकडे बघून वाचला.

रविवारच्या शेवटच्या सत्रात जक्कय. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार, मुलांना शिकवतो ती गोष्ट. येशू त्याला खाली बोलावतो, तुझ्या घरी आज उतरायचंय म्हणतो, लोक कुरकुर करतात. आणि येशूने एक शब्द पैशाबद्दल काढलेला नसताना जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. फादर म्हणाले यहूदाने पैसे परत केले आणि एकटा गेला, जक्कयाने पैसे परत केले तेव्हा येशू त्याच्या घरात बसलेला होता, फरक एवढाच आहे. पाहुणा आधी आला, हिशोब नंतर झाला.

मी बँकवाला, मी तिथेच पेन्सिलीने हिशोब मांडला, नाही कसा मांडणार. २२चे अर्धे ११ लाख. जक्कयाच्या दराने चौपट म्हणजे ४४ लाख. जक्कय मला परवडणारा नव्हता. दुपारी जेवताना फादरांना विचारलं (मौन सुटलं होतं तोपर्यंत) की कमी दराची काही योजना आहे का. ते हसले खूप. म्हणाले मोशेचं आहे ना, जुन्या करारातलं गणना हे पुस्तक, पाचवा अध्याय, पाप कबूल कर, घेतलेलं पूर्ण परत कर आणि वर पाचवा भाग घाल. म्हणजे ११वर २ लाख २०, एकूण १३ लाख २० हजार. बँकेच्या हिशेबाने बघितलं तर दहा-अकरा वर्षांच्या व्याजात ११चे दुप्पट होतात, त्यामानाने मोशे स्वस्तच. मग ते जरा गंभीर झाले आणि म्हणाले आकडा तुम्ही ठरवायचा नसतो, तिला विचारायचं असतं.

त्या आधी सकाळी अजून एक झालं ते सांगायचं राहिलं. संत इग्नेशियसची प्रार्थना आम्हाला कार्डावर छापून दिली. हे इग्नेशियस म्हणजे येशूसंघाचे संस्थापक, मूळचे शिपाई गडी, १५२१ला पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळा लागून पाय मोडला, अंथरुणात पडल्या पडल्या ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र वाचलं आणि वळले. पुढच्या वर्षी मोन्सेरातच्या मठात गेले, पापं लिहून काढून कबुली दिली, ती तीन दिवस चालली. आमचं अख्खं शिबिर तीन दिवसांचं, ह्यांचं नुसतं कन्फेशन तीन दिवस. तलवार वेदीपाशी टांगून आले. त्यांची मूळ साधना ३० दिवसांची आहे, हे तीन दिवस म्हणजे तिचं सॅम्पल पाकीट. तर त्या साधनेच्या शेवटाकडे ही प्रार्थना येते, प्रभू घे माझं स्वातंत्र्य, माझी स्मृती, बुद्धी, इच्छा, जे काही माझं आहे ते तूच दिलंस, तुलाच परत, तुझ्या मर्जीप्रमाणे वापर, मला तुझी प्रीती आणि कृपा पुरे. सगळे भक्तिभावाने म्हणत होते. मी दुसऱ्या ओळीवर अडकलो. ही भाषा मला पाठ आहे. माझा हक्क, हिस्सा, हितसंबंध मी राजीखुशीने सोडून देत आहे. हे हक्कसोडपत्र आहे हो. फक्त ह्या वेळी सही माझी मागत होते. आणि मला बहिणीसारखी, "एवढं कशाला?" असं हसत म्हणत, करता येत नव्हती.

फादरांनी त्यावर ना. वा. टिळकांचं सांगितलं, प्रोटेस्टंट असले तरी काय झालं, आपलेच. १८९५ला बाप्तिस्मा घेतला, पुढे मिशनची नोकरी, मान, कविता, सगळं नीट चाललेलं, आणि १९१७ला पगार सोडून दिला आणि 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा समुदाय काढला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून. दोन वर्षांनी गेले. मी विचार केला की सोडायचं ते काय एकदा बाप्तिस्म्याच्या पाण्यात शिरलं की सुटतं असं नाही, २२ वर्षांनी सुद्धा काहीतरी उरलेलं सापडतं.

घरी आलो. मोबाईलचं पाकीट मी गाडीत पण फोडलं नव्हतं. बायकोने विचारलं कसं झालं, मी सांगितलं, १३ लाख २० हजार. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मी तुला देवळात पाठवलं होतं, दारू सुटावी म्हणून. हे काय घेऊन आलास?" चर्चला आम्ही वसईत देऊळच म्हणतो. दोन दिवस आमच्या घरात शिबिरापेक्षा कडक मौन होतं. मुलीच्या शिक्षणाचे पैसे आहेत ते, तिचंही बरोबर होतं. तिसऱ्या रात्री तीच म्हणाली, "फोन केलास का तिला?" नव्हता केला.

केला मग. पहिलं वाक्य पैशाचं नको म्हणून मी विचारलं, मिक्सर चालतोय का अजून. ती म्हणाली, "कोणता? तो? तो कधीच गेला, भांडं आहे, त्यात तांदूळ मोजते." मग मी सगळं बोललो, मधे थांबलो असतो तर परत बोललो नसतो. ती गप्प. मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "आता कशावर सही हवीय ह्याला?"

बरोबर आहे. त्या माणसाने माझ्याकडून अजून काय अपेक्षा करायची.

ती रविवारी आली, एकटी. पैशाचं नीट काही ठरलं नाही, ती म्हणते मला नको, मग म्हणते बघू, मग म्हणाली तुला माहीत होतं का रे तेव्हा, कायद्याचं? मी हो म्हणालो. ती बराच वेळ बाहेर वाडीत बघत बसली, म्हणजे वाडीचं जे उरलंय त्यात. नंतर मे महिन्यात मी एफडी मोडून तीन लाख तिच्या खात्यात टाकले, बाकीचे हप्त्याने. नवरा अजून माझ्याशी बोलत नाही. तिचा मेसेज आला, मिळाले, एवढाच, खाली नेहमी टाकते ती फुलं नव्हती.

दारूचं विचाराल तर कमी झालीय, बंद नाही. रात्री झोपताना ती इग्नेशियसची उजळणी करायला सांगितली होती, दिवसाबद्दल आभार, देवाकडे उजेड मागायचा, दिवस परत बघायचा, चुकलं त्याची क्षमा, उद्याचं काय ते ठरवायचं, १५ मिनिटं. आठवड्यातून चारेक दिवस होते, बाकी दिवशी झोप लागते. बायकोने पुढच्या वर्षीच्या बायकांच्या शिबिराला नाव दिलंय, म्हणते बघते तुझे ते फादर कोण आहेत ते.

तर माझे पाचपैकी साडेतीन स्टार. एक पंख्याचा आणि लाइटचा, अर्धा त्या माईकवाल्याचा. भाकरीला वेगळे पाच. बुकिंग राखेच्या बुधवारच्या आधी करा, नंतर जागा नसते. चादर, टॉर्च आणि मच्छरची ट्यूब घरून न्या, झेरॉक्स कागदावरची चौथी आज्ञा आधीच वाचून जा, आणि खोलीत पहिले पोचा, खिडकीकडची खाट पंख्याखाली आहे.